एक हजार एकोणनव्वद

बारामतीहून इंदापूरकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटविक्रीचे फलक लागतात. एक गुंठा, दोन गुंठे, पाच गुंठे आणि खाली बारीक अक्षरांत चौरस फूट : १०८९, २१७८, ५४४५. एजंट हे आकडे घडाघडा म्हणतो. मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. शंकू-साखळी, फलकयंत्र आणि शेवटी शेवटी तिपाईवरचं ते ईटीएस यंत्र, सगळं हाताळलं. तरी नोकरीत असताना १०८९ कडे माझं कधी लक्ष गेलं नाही, कारण मोजणीदाराला हा आकडा लागतच नाही. का लागत नाही, त्यातच या आकड्याचा इतिहास आहे, आणि तो इतिहास आमच्या इंदापूर तालुक्यातून जातो.

इंग्रज यायच्या आधी जमीन काठीने मोजत. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. हिशेब सुटसुटीत होता, पण हात कुणाचा धरायचा हा प्रश्न होताच. भारी जमिनीचा बिघा लहान आणि हलक्या जमिनीचा मोठा, असंही अनेक गावांत चाले. म्हणजे बिघ्यात नुसतं क्षेत्र नव्हतं, जमिनीची प्रतही मिसळलेली होती. गावात राहणाऱ्याला हे बरोबर समजे. पुण्यात बसून सारा ठरवणाऱ्याला मात्र दोन गावांचे बिघे शेजारी ठेवून काहीच कळत नसे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि सारा ठरवायचं काम कंपनीकडे आलं. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी या कामाला लागला. हा हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेला. त्याने ठरवलं की प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं सरासरी पीक काढायचं, त्यातून बैल, बी-बियाणं, मजुरी असा सगळा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे. कागदावर याला तोड नव्हती. १८३० मध्ये हा आकार लागू झाला आणि पहिला दणका बसला तो इंदापूरला. भीमा आणि नीरा यांच्या मधला हा तालुका. दोन बाजूंनी नद्या, पण आभाळ कोरडं. खालच्या कारकुनांनी पैसे खाऊन चांगली जमीन वाईट लिहिली आणि वाईट चांगली. त्यात पीक बुडालं. साऱ्याची बाकी तुंबली, वसुलीसाठी लोकांचे हाल केले गेले, आणि माणसं जमिनी पड टाकून निजामाच्या मुलखात निघून गेली.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा असिस्टंट कलेक्टर इंदापुरात आला. त्याच्या जोडीला इंजिनिअर खात्यातला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. या दोघांनी निव्वळ उत्पन्नाचा घोळ बाजूला सारला. शेताचे सर्व्हे नंबर पाडायचे, एका बैलजोडीने कसता येईल एवढा एक नंबर साधारण धरायचा, बांधावर दगड रोवायचे, मातीची प्रत आण्यांत लावायची आणि सारा तीस वर्षं बदलायचा नाही. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्याला हा आकार लागला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात त्याचे नियम पक्के झाले आणि ही ‘मुंबई पद्धत’ वऱ्हाडात गेली, म्हैसुरात गेली. आज कर्नाटकात आणि तेलंगणात लोक एकर-गुंठ्यांत बोलतात, त्यामागेही हीच पद्धत आहे.

आता साखळी. मुंबई पद्धतीची साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा. सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीदार शेताच्या मधून मूळ रेघ धरायचा, शंकूने काटकोन साधून दोन्ही बाजूंना बांधापर्यंत लंब टाकायचा आणि मापं टिप्पणावर साखळी-आण्यांत लिहायचा. रेघ दहा साखळ्या, लंब चार साखळ्या असा त्रिकोण आला तर दहा गुणिले चार, भागिले दोन : वीस गुंठे. झालं. फूट नाही, इंच नाही, चौरस फूट तर मुळीच नाही. जुनी टिप्पणं मी पुष्कळ उलगडली, तांबूस पडलेली, घडीवर फाटलेली. त्यांत १०८९ कुठेही लिहिलेला सापडत नाही. तो साखळीच्या आत दडलेला होता.

ही सोय माझ्या मते फार विचारपूर्वक केलेली आहे. रुपयाचे सोळा आणे, मातीची प्रत सोळा आण्यांत, गुंठ्याचे सोळा आणे. पावणेदोन हात खोल काळी माती निघाली की सोळा आणे प्रत. खोली घटत जाईल तशी चौदा, बारा, दहा. ज्या कुळकर्ण्याला रुपये-आण्यांचा हिशेब तोंडपाठ आहे त्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. प्रिंगलच्या गणितापुढे हे गणित अगदीच बाळबोध. पण प्रिंगलचं पाच-सहा वर्षांत मोडलं आणि हे पुढे शंभरावर वर्षं चाललं.

३३ फूटच का? इंग्रजांचा एकर मुळात चार रॉड रुंद आणि चाळीस रॉड लांब पट्ट्याचा. रॉड साडेसोळा फुटांचा. म्हणजे रुंदी ६६ फूट, लांबी ६६० फूट आणि क्षेत्र ४३,५६० चौरस फूट. लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातला प्राध्यापक एडमंड गुंटर याने १६२० मध्ये चार रॉडची, शंभर कड्यांची साखळी काढली. ती ६६ फुटी. तिचा चौरस केला तर एकराचा दहावा भाग होतो. आपली साखळी तिच्या निम्मी आणि आपला गुंठा दोन रॉड बाय दोन रॉड. साडेसोळाची दुप्पट तेहतीस, आणि तेहतीसचा वर्ग १०८९.

साडेसोळा म्हणजे अकराची दीडपट; इथे साडेसोळाच्या पोटातला हा अकरा लक्षात ठेवा. पुढचे सगळे चमत्कार त्या अकराचे आहेत.

फलकावरचे आकडे आता नीट वाचू. एक गुंठा १०८९, दोन २१७८, तीन ३२६७, चार ४३५६, पाच ५४४५, सहा ६५३४, सात ७६२३, आठ ८७१२, नऊ ९८०१. हजारचे अंक एकापासून नऊपर्यंत चढतात, शतकाचे शून्यापासून आठपर्यंत चढतात, दशकाचे आठापासून शून्यापर्यंत उतरतात आणि एककाचे नवापासून एकापर्यंत. शिवाय दोन गुंठ्यांचा आकडा उलटा वाचला की आठ गुंठ्यांचा होतो : २१७८, ८७१२. तीनचा उलटा सातचा, चारचा उलटा सहाचा, एकाचा उलटा नवाचा. पाच गुंठे मधोमध, म्हणून ५४४५ उलटूनही तोच राहतो. ज्या दोन आकड्यांची अशी जोडी जमते त्यांचे गुंठे मिळून नेहमी दहा भरतात.

कारण सोपं आहे. १०८९ म्हणजे ११०० उणे ११. त्याला कोणत्याही एका अंकाने गुणा : आधी तो अंक, मग एकाने कमी, मग नवातून तो अंक वजा करून उरेल ते, शेवटी दहातून वजा करून उरेल ते. दोनला हे लावा, २, १, ७, ८ मिळतात. आठला लावलंत की तेच अंक शेवटाकडून सुरू होतात.

मुलांना दाखवायचा खेळ वेगळाच. तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक सारखा नको. ७४२ घेऊ. उलटी २४७. मोठीतून लहान वजा, ४९५. ही उलटून तिच्यातच मिळवा : ४९५ अधिक ५९४, एक हजार एकोणनव्वद. दुसरी कोणतीही संख्या घ्या, गुंठाच येतो. वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ लिहायची, म्हणजे उलटी ९९० होते आणि बेरीज पुन्हा तीच. कारण तीन अंकी संख्येतून तिचीच उलटी वजा केली की उत्तर ९९ च्या पटीतच येतं. त्याचा मधला अंक नेहमी नऊ असतो आणि बाजूच्या दोन अंकांची बेरीजही नऊ. पुढची बेरीज मग एकाच ठिकाणी जाऊन थांबणार. ९९ ला अकराने गुणलं की १०८९.

आणि हे मला सगळ्यांत आवडतं. एक चौरस फूट म्हणजे गुंठ्याचा कितवा भाग? एक भागिले १०८९. कॅल्क्युलेटरवर पुढचे अंक दिसत नाहीत, म्हणून कागदावर भागाकार करा : ०.०००९१८२७३६४५५४६३७२८१९१. हे बावीस अंक झाले की पुन्हा शून्यापासून सुरू. दशांशचिन्हानंतर दोन-दोन अंकांनी वाचा : ००, ०९, १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२, ८१. नवाचा पाढा! नव्वदाच्या जागी मात्र ९१ येतात, कारण पुढून हातचा एक येऊन मिळतो.

जी. एच. हार्डी या केंब्रिजच्या गणितीला असल्या गोष्टींचं काहीच कौतुक नव्हतं. १९४० च्या आपल्या पुस्तकात त्याने नेमके हेच दोन आकडे दिले आहेत. चार अंकी संख्यांत आपल्याच उलट्या संख्येची पट असणाऱ्या फक्त दोन, ८७१२ आणि ९८०१. एक २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. (उलटूनही तीच राहणारी संख्या अर्थातच धरायची नाही.) वर्तमानपत्राच्या कोडी-रकान्यात हे ठीक आहे, पण गणितीला यात घेण्यासारखं काही नाही, असा त्याचा शेरा. गणिती म्हणून तो बरोबर असेल. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून हा खेळ जमतो; बाराच्या पटीत मोजलं असतं तर हे आकडे असे नाचले नसते. पण आठ गुंठे आणि नऊ गुंठे यांवर इथे खरेदीखतं होतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

रामानुजनला टॅक्सीच्या नंबराबद्दल सांगणारा तो हाच हार्डी. १७२९ : दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या, बारा आणि एकाचे घन किंवा दहा आणि नवाचे. बारामतीकरांनी एवढी नोंद ठेवावी की ज्यांच्या आर्यांनी या गावाचं नाव मराठी मुलखात पोचवलं त्या मोरोपंतांचं जन्मसाल १७२९ आहे. योगायोग, दुसरं काही नाही. पण मात्रा मोजण्यात ज्याची हयात गेली त्याला हे साल शोभतं. या संख्येच्या अंकांची बेरीज १९, आणि १९ ला ९१ ने गुणलं की पुन्हा १७२९.

हार्डीने ज्याला कोडी-रकान्यात ढकललं, त्यावर आपल्याकडच्या एका मास्तरांनी आयुष्य काढलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. सगळे सारखे नसलेले चार अंक चढते आणि उतरते लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४ येतो, हा त्यांचा शोध १९४९ चा. बड्या गणितज्ञांनी तेव्हा नाकं मुरडली. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरने आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगाला कापरेकर कळले. ज्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात त्यांत ९९ आहे : ९९ चा वर्ग ९८०१, त्याचे ९८ आणि ०१ असे दोन तुकडे, बेरीज पुन्हा ९९. आता हेच शेतात आणा. तीन साखळ्या लांब आणि तीन साखळ्या रुंद चौकोन म्हणजे प्रत्येक बाजू ९९ फूट आणि क्षेत्र नऊ गुंठे. एका साखळीच्या चौरसाचे चौरस फूट उलटले की तीन साखळ्यांच्या चौरसाचे होतात. माझ्यापुरता कापरेकरांचा सिद्धान्त एवढ्याशा वावरात मावतो.

आकड्यांचं हे झालं. जमिनीचं मात्र एवढं गोड नव्हतं. साखळी लोखंडी, ओढून ओढून तिच्या कड्या ताणतात. तेहतीस फुटांत एक इंच वाढला तर एकरामागे दोनशेवीस चौरस फूट कागदावर कमी भरतात. शेतकरी म्हणायचा, साहेब, मागच्या मोजणीला जास्त भरली होती. त्याचं खोटं नसायचं.

मोजलेली, नंबर पडलेली, सारा ठरलेली जमीन गहाण ठेवायला सोपी झाली, हेही सांगायला हवं. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणीची सुरुवातही इंदापुरापासूनच झाली आणि सारा चढला. अमेरिकेतली यादवी थांबून कापसाचे भाव तोवर कोसळले होते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची घरं-दुकानं फोडून खतं जाळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात, आज बारामतीत. त्या खतांत गहाण पडलेल्या जमिनी याच साखळीने मोजलेल्या होत्या. मोजणी चोख होती. तिने कुणाचं पोट भरेल अशी हमी कधीच दिली नव्हती. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा आला, पुढे ऊस आला, वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, आणि जिरायती गुंठा आणि बागायती गुंठा यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडलं. चौरस फूट दोन्हीचे १०८९ च. उजनी धरणाने भीमाकाठची शिवारं पोटात घेतली, तेव्हा विंगेटच्या पद्धतीने रोवलेले हद्दीचे दगडही पाण्याखाली गेले. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं, ते बघायला गर्दी होते. दगड बघायला कुणी जात नाही.

जमीन पिकासाठी होती तोवर गुंठा पुरत होता. घरासाठी विकायला लागली तेव्हा चौरस फूट आले, आणि दीडशे वर्षं साखळीत दडलेला आकडा फलकांवर झळकला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकडे पाडायला बंदी घातली, तरी गुंठ्या-गुंठ्याने विक्री चालूच राहिली. शेवटी २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा करावा लागला. माझ्या मते गुंठ्याचा खरा दरारा इंग्रजांच्या काळात नव्हताच, तो आत्ता आहे.

आणि गंमत अशी की सरकारी कागदावरून गुंठा केव्हाच गेला. सातबारा हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये आहे. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, चौरस फुटांत १०७६ आणि वर थोडे. गुंठ्यापेक्षा तो सुमारे साडेबारा चौरस फुटांनी लहान. एवढ्याशा फरकामुळे तालुक्याच्या कचेरीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे ‘आर म्हणजे गुंठाच’ म्हणतात. एका गुंठ्याला ते चालून जातं, एकराला जात नाही. एकर म्हणजे ४०.४७ आर. चाळीस आरांना एकर समजून पैसे मोजले की पाचशे चार चौरस फूट जातात, म्हणजे एक चांगली खोली आणि पुढचा ओटा.

तेव्हा बारामती-इंदापूर पट्ट्यात जमीन घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. एजंटच्या फलकावरचे गुंठे वाचू नका, सातबाऱ्यावरचे आर वाचा. त्यांना १०७६.३९ ने गुणा, मग १०८९ ने भागा आणि येतील तेवढ्याच गुंठ्यांचे पैसे द्या. आणि खरेदीखतावर सही करण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या, शेजारच्या बांधवाल्याला समोर उभं करून.